घरच्या कॅसेटी घरच्या टीव्हीवर: कोल्हापुरात मीडिया सर्व्हर उभा करताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुधाळीत शिरलं तेव्हा मावशीच्या घरातलं सामान आम्ही रात्रीतून माळ्यावर चढवलं. धान्य, कागदपत्रं, देव, शिलाई मशीन, सगळं वर गेलं. टीव्हीखालच्या कपाटाकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्यात लग्नाच्या, बारशाच्या, जोतिबाच्या यात्रेच्या कॅसेटी होत्या आणि काही सीडी होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून त्या काढल्या, धुतल्या, वाळवल्या. दोनच चालल्या. काकांचा आवाज ज्या एका कॅसेटीत होता ती गेली.

त्या दिवाळीत मी आमच्या घरचा साठा बाहेर काढला आणि मीडिया सर्व्हर, म्हणजे घरचे व्हिडिओ साठवून घरातल्या टीव्ही-मोबाइलवर पोचवणारा संगणक, उभा करायला घेतला. तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या पाच-सहा घरांत हेच काम करून दिलं. लागलेल्या ठेचांसकट सगळं इथं क्रमानं लिहितो. हे सारं तुमच्या स्वतःच्या चित्रफितींसाठी, फोटोंसाठी आणि घरच्या ध्वनिमुद्रणांसाठी आहे. चोरून उतरवलेल्या सिनेमांसाठी एवढी मेहनत घेऊ नका, तो कायद्यानं गुन्हा आहे. आणि ते सिनेमे उद्या परत कुठंतरी मिळतीलच, काकांचा आवाज मिळणार नाही.

आधी मोठ्या कंपन्यांची रीत बघा

नेटफ्लिक्सनं २००७ मध्ये इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तुम्ही बटण दाबलं की कुठल्यातरी प्रचंड संगणकात तो सिनेमा तुमच्यासाठी तयार होत असेल, असं वाटतं. तसं नसतं. प्रत्येक सिनेमाच्या लहान-मोठ्या दर्जाच्या अनेक प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात. त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. तुमच्या इंटरनेटचा वेग बघून टीव्ही पुढचा तुकडा जड प्रतीतला मागायचा की हलक्या, ते ठरवतो. शिवाय हे तुकडे अमेरिकेतून येत नाहीत. २०१२ मध्ये नेटफ्लिक्सनं ओपन कनेक्ट ही स्वतःची व्यवस्था जाहीर केली. तिच्यात सिनेमांनी भरलेले सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवतात. आपल्याकडं ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली, त्याचं एक मोठं कारण म्हणजे समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळं मुंबई-कोल्हापूर अंतराला फक्त काही मिलिसेकंद लागतात.

थोडक्यात, मोठे लोक काम आधी उरकतात आणि माल गिऱ्हाइकाजवळ नेऊन ठेवतात. हे आपल्याला नवीन नाही. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण-खोबरं भाजायचं, डंकावरून चटणी कुटून आणायची आणि वर्षभर बरणीतून काढायची. पाहुणा दारात आल्यावर मिरच्या वाळत घालायला कुणी बसत नाही. घरचे सर्व्हर अडखळतात ते नेमके इथंच. टीव्हीला न पचणारी फाईल तशीच डिस्कवर टाकली जाते, आणि कुणी बघायला बसलं की सर्व्हर त्याच क्षणी तिचं रूपांतर करायला लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. मग लोक महागडं यंत्र घेतात. फाईल आधी नीट करून ठेवली असेल तर साध्या यंत्रावर काम भागतं, हा माझा पाच-सहा घरांचा अनुभव आहे.

यंत्र

दोन पर्याय सांगतो. नवीन घ्यायचं तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी. हा प्रोसेसर २०२३ मध्ये आला, त्याला वीज फार कमी लागते आणि व्हिडिओ रूपांतर करणारा वेगळा भाग त्याच्यात आहे. जुनं घ्यायचं तर कार्यालयांतून निघालेले छोटे डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर बघा. इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची मागा. ७ व्या पिढीपासून १० बिटचा एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक नवी पद्धत) व्हिडिओ चिप स्वतः उलगडते. त्याआधीचा प्रोसेसर घेतलात तर असा व्हिडिओ आला की पंखा घोंघावायला लागतो. ८ जीबी रॅम पुरते. सिस्टिमसाठी २५६ जीबीची एसएसडी ठेवा.

विजेचा हिशेब घरच्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर पहिल्या बिलाला वाद होतो. १५ वॅटचं यंत्र २४ तास चालू राहिलं तर महिन्याला साधारण ११ युनिट. कोपऱ्यात पडलेला जुना टॉवर ७० वॅट खात असेल तर ५० युनिट. फुकट मिळालेला टॉवर असा महाग पडतो.

जुना लॅपटॉप चालेल का, असं सगळे विचारतात. चालेल, पण कायम चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगते, म्हणून ती काढता येत असेल तर काढा. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणकसुद्धा चालतो, पण फाईल जशीच्या तशी पोचवण्यापुरताच. एच.२६४ या जुन्या पद्धतीच्या व्हिडिओसाठी त्याच्यात वेगळी चिप नाही, त्यामुळं रूपांतराची वेळ आली की तो दमतो.

डिस्क किती मोठी

एक सूत्र पाठ करून ठेवा. व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये घ्या आणि ०.४५ नं गुणा, एका तासाला किती जीबी लागेल ते येतं. ८ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला ३.६ जीबी. छोट्या मिनी डीव्ही कॅसेटीतला मूळ मजकूर तासाला सुमारे १३ जीबी घेतो, म्हणजे ४० कॅसेटींना साधारण ५२० जीबी. बहुतेक घरांना ४ टीबी कित्येक वर्षं पुरेल. सारख्या मापाच्या दोन डिस्क घ्या, दुसरी कशाला ते पुढं येईल. दुकानात विचारताना डिस्क सीएमआर, म्हणजे माहितीच्या पट्ट्या शेजारी-शेजारी सुट्या असलेली, आहे ना, हे विचारा. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळं सलग मोठं लिखाण करताना ती फार मंदावते.

डिस्क आणली की लगेच भरू नका. तिची दीर्घ स्मार्ट चाचणी, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःला तपासते ती, रात्रभर लावा. बिघडलेली डिस्क बहुतेकदा सुरुवातीलाच कळते, आणि बदलून मिळायची मुदत तेव्हा शिल्लक असते.

सिस्टिम म्हणून मी डेबियन हा लिनक्सचा मोफत प्रकार घालतो, डेस्कटॉपशिवाय. आज्ञा टाइप करायची धास्ती वाटत असेल तर डेबियनवरच बांधलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या, त्यात सगळं ब्राउझरमधून होतं. डिस्कवर एक्स्ट४ फाइल सिस्टिम करा. ती जोडताना यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, वापरा आणि नोफेल हा पर्याय लावा. डिस्कची नावं यंत्र पुन्हा चालू झाल्यावर बदलू शकतात, यूयूआयडी बदलत नाही. आणि नोफेल नसेल तर वायर ढिली झाल्याच्या दिवशी अख्खं यंत्र सुरूच होत नाही, तुम्ही टीव्हीला दोष देत बसता.

फायली तयार करणं, म्हणजे खरं काम

इथं घाई करू नका. माझे पहिले तीन महिने यातच गेले.

व्हीएचएस कॅसेट आधी उजेडात धरून बघा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी धरते. टेपच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती टेपही खरवडते आणि हेड घाण करून पुढच्या चांगल्या कॅसेटीही बिघडवते. अशा कॅसेटी बाजूला ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडंच द्या. चांगल्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा, मगच चालवा. व्हीसीआरची वायर यूएसबी कॅप्चरच्या डबीला लावायची आणि कॅसेट चालू करून पूर्ण वेळ नोंदवायची. तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते, त्याला जवळची वाट नाही.

मिनी डीव्ही हँडीकॅमची गोष्ट वेगळी. त्या टेपवर मजकूर आधीपासूनच डिजिटल आहे. फायरवायर पोर्टनं तो जसाच्या तसा उतरवता येतो. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं घेतलात तर डिजिटलचं ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल होतं, आणि चेहऱ्यावरचा बारीक तपशील जातो. फायरवायर असलेला जुना संगणक मिळवण्याचा त्रास घ्याच. जे लग्नाचे व्हिडिओ व्हीसीडीवर आलेत ते ३५२ बाय २८८ चे असतात. ते ताणून मोठे करू नका, मूळ आकारातच ठेवा.

उतरवलेल्या मूळ फायली एका फोल्डरात जपून ठेवायच्या, त्यांना परत हात लावायचा नाही. बघण्यासाठी वेगळी प्रत करायची. त्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. व्हिडिओ एच.२६४, ८ बिट. आवाज एएसी, स्टीरिओ. डबा, म्हणजे फाईलचा प्रकार, एमपी४. दर्जाचा आकडा आरएफ २०, आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी. वेब ऑप्टिमाइज्ड या चौकोनात खूण करा, म्हणजे फाईलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि व्हिडिओ पटकन सुरू होतो. एचईव्हीसी आणि एव्ही१ नव्या पद्धती आहेत, जागा कमी घेतात, पण एच.२६४ ही २००३ ची पद्धत घरातला प्रत्येक टीव्ही, मोबाइल आणि ब्राउझर वाचतो. जागा थोडी जास्त गेली तरी चालेल.

एक गोष्ट बहुतेक मार्गदर्शकांत नसते. जुन्या कॅसेटीत चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी, सेकंदाला ५० वेळा टिपलेलं असतं. साध्या सेटिंगवर हँडब्रेक त्याची सेकंदाला २५ चित्रं करतो. बसून बोलणाऱ्या माणसांसाठी ते ठीक आहे. पण वरातीतली लेझीम, मंगळागौरीची फुगडी, हलगीवर नाचणारी पोरं या प्रसंगांत हालचाल तुटक दिसते. फिल्टरमध्ये डीकोंब घ्या, त्यात बॉब निवडा आणि फ्रेम रेट ५० ठेवा. मग लेझीम पुन्हा तशीच लवलवते. मी पहिल्या वीस कॅसेटी याशिवाय केल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा केल्या.

फायलींची नावं तारखेनं सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग प्रसंग, मग गाव. मराठीत नावं द्यायला काहीच हरकत नाही. दोन काळज्या घ्या. आकडे सगळीकडं एकाच लिपीतले ठेवा, नाहीतर क्रम फाटतो. आणि ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं, एकसंध किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. दिसायला सारखंच, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. सगळी नावं एकाच संगणकावर, एकाच कीबोर्डनं दिलीत की हा घोळ होत नाही.

जुन्या ध्वनिचित्रफितींबरोबर कुणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात उपशीर्षकं करून दिली असतील तर ती टीव्हीवर निरर्थक चिन्हं दाखवतील. युनिकोडमध्ये बदलून यूटीएफ-८ म्हणून जतन करा. आणि उपशीर्षकं मजकुराच्या एसआरटी फाईलमध्येच ठेवा. चित्ररूपातली उपशीर्षकं टीव्हीला वाचता आली नाहीत तर सर्व्हर ती चित्रावर छापत बसतो, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग.

जेलीफिन

सर्व्हरचं सॉफ्टवेअर म्हणून मी जेलीफिन वापरतो. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरनं आपला सोर्स कोड खुला ठेवणं थांबवलं तेव्हा २०१८ च्या डिसेंबरमध्ये काही मंडळींनी त्याची खुली प्रत पुढं चालवायला घेतली, ती ही. पैसे लागत नाहीत, जाहिरात नाही, कुणाकडं खातं उघडायचं नाही. प्लेक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर दिसायला देखणं आहे, पण बाहेरून व्हिडिओ बघायला त्यांनी २०२५ मध्ये पैसे लावले. घरच्या आठवणी दुसऱ्याच्या धोरणावर अवलंबून ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जेलीफिनच्या अधिकृत भांडारातून ते बसवा, घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढं ८०९६ हा पोर्ट टाका. पहिल्यांदा तो प्रश्न विचारतो. लायब्ररी करताना होम व्हिडिओ आणि फोटो हाच प्रकार निवडा. सिनेमा हा प्रकार निवडलात तर तो इंटरनेटवर नाव शोधतो आणि तुमच्या आत्याच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावतो. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करा आणि फाईल पुसायचा अधिकार फक्त स्वतःकडं ठेवा.

ट्रान्सकोडिंगच्या पानावर क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या चिपकडून रूपांतर करून घ्यायचा पर्याय, निवडा. लिनक्सवर जेलीफिनच्या वापरकर्त्याला रेंडर गटात घालावं लागतं, ते राहिलं की पर्याय निवडूनही चिप कामाला लागत नाही. मग टीव्हीवर एक व्हिडिओ लावा आणि प्लेबॅकची माहिती उघडा. डायरेक्ट प्लेइंग असं दिसलं तर फाईल जशीच्या तशी जातेय. ट्रान्सकोडिंग दिसलं तर खाली कारण लिहिलेलं असतं. ते वाचा आणि फाईल सुधारा, यंत्र बदलायच्या मागं लागू नका.

वायर ओढा

सर्व्हर ते राउटर लॅन वायरच हवी, कॅट ६. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचा वायफाय एका खोलीपलीकडं धड जात नाही. टीव्हीपर्यंतही वायर नेता आली तर उत्तम. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, पण आपल्या ८-१० मेगाबिटच्या फायलींना तो भरपूर झाला. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि आई फोन करते की काल दिसत होतं ते आज दिसत नाही.

वीज जाणारच. ६०० व्हीएचा यूपीएस घेऊन त्यावर सर्व्हर, राउटर आणि फायबरची डबी एवढंच लावा. अर्धा तास तरी निभतं. यूपीएसला यूएसबी असेल तर एनयूटी हे सॉफ्टवेअर बसवा, बॅटरी संपत आली की ते यंत्र नीट बंद करतं. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचा पर्याय लावा. आणि वळवाचा पाऊस कडकडायला लागला की तांब्याच्या वायरी काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण केबल टीव्हीच्या आणि बाहेरून ओढलेल्या लॅनच्या वायरीतून येते.

पुण्यातल्या बहिणीला दाखवायचं असेल तर

राउटरमधून पोर्ट उघडून सर्व्हर जगाला दाखवू नका. ८०९६ वरची वाहतूक कुलूपबंद नसते. शिवाय बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळं पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल हे आपली यंत्रं आपसांत खाजगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर बसवा. सर्व्हरवर एकदा, बहिणीच्या मोबाइलवर एकदा. मधलं सगळं वायरगार्डच्या कुलपातून जातं आणि वैयक्तिक वापराला मोफत आहे. आपली अपलोडची गती मात्र तपासा. ८ मेगाबिटची फाईल तिकडं दिसायची तर इकडून ८ मेगाबिट वर जायला हवेत. कमी असेल तर जेलीफिनमध्ये बाहेरच्यांसाठी वेगाची मर्यादा घाला. रूपांतर करणारी चिप चालू केली ती अशाच वेळी कामाला येते.

दुसरी प्रत, आणि पाणी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना शहर रस्त्यावर उभं होतं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभी केलेली वास्तू. जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत गेला होता. चित्रपटांचं गाव म्हणवणाऱ्या आपल्या गावाला, एकाच जागी ठेवलेली गोष्ट एका रात्रीत कशी जाते, हे वेगळं सांगायला नको.

दोन डिस्क एकाच यंत्रात जोडून एकमेकींची नक्कल ठेवणं, म्हणजे रेड, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते, आणि पाणी दोन्हींना एकदमच लागतं. दुसरी डिस्क यंत्राबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा लावा, आरसिंक या आज्ञेनं नवीन तेवढं उतरवा, काढून ठेवा. तिसरी प्रत दुसऱ्या गावी. आमची गडहिंग्लजला मामांकडं असते, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अदलाबदल होते. वर्षातून एकदा त्या प्रतीतला कुठलाही एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, नुसती फोल्डरची यादी बघून समाधान मानू नका.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका, मग तुमचं घर नदीपासून कितीही लांब असो. वरच्या मजल्यावर, भिंतीच्या फळीवर, पंख्याची हवा लागेल असा ठेवा. पूरपट्ट्यातल्या घरांसाठी आम्ही एक पद्धत ठरवलीय आणि ती कागदावर लिहून फळीवरच चिकटवलीय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली, म्हणजे इशारा, की बॅकअपची डिस्क प्लास्टिकच्या घट्ट डब्यात घालून उंच भागातल्या नातेवाइकाकडं पोचवायची, त्याच दिवशी. ४३ फूट ही धोक्याची पातळी. तिथवर पाणी जायची वाट न बघता, ४१ ला सर्व्हर आज्ञा देऊन बंद करायचा, वायरी काढायच्या, यंत्र उशीच्या खोळीत गुंडाळून माळ्यावर. हे सगळं मावशीच्या सुनेला एकटीला दहा मिनिटांत जमतं, गेल्या जूनमध्ये आम्ही घड्याळ लावून एकदा करून बघितलं.